गाडीला गोधडी नको, छप्पर द्या!

मित्रांनो, गाडी चालवली की झिजते, हे इंजिनिअरिंगच्या मुलांना कोणी शिकवायची गरज नाही. पण गाडी नुसती उभी राहिली तरी खराब होते, याकडे मात्र कोणाचंच लक्ष जात नाही. हॉस्टेलवरच्या बाइकचा हिशोब करून बघा. रविवारी महागणपतीचं दर्शन, कधी निघोजचे रांजणखळगे, कधी मोराची चिंचोली, मधूनच हायवेवरचा चहा. आठवड्याच्या १६८ तासांपैकी ती आठ तास जरी धावली तरी खूप झालं. उरलेले १६० तास ती स्टँडवर. परीक्षा संपल्यावर बरेच जण एस.टी.ने घरी जातात, तेव्हा तर दीड-दोन महिने ती जागची हलतसुद्धा नाही. थोडक्यात काय, तर आपली बाइक हे हौसेचं वाहन आहे, आणि हौसेचं वाहन रस्त्यापेक्षा पार्किंगमध्येच जास्त म्हातारं होतं.

त्यात आपलं गाव रांजणगाव! शिरूर तालुका पडला सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. पाऊस कमी, ऊन भरपूर. भर दुपारी उघड्या जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण एक किलोवॅट एवढी ऊर्जा पडते. म्हणजे प्रत्येक बाइकवर आपण रोज एक इस्त्री चालू ठेवतो असं समजा. काळ्या सीटला हात लावून बघा, पटेल. नुसत्या उष्णतेचं एक वेळ सोडा, पण अतिनील किरण प्लॅस्टिक आणि रंगातल्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. म्हणून लाल टाकी गुलाबी होते, इंडिकेटरची काच पिवळी पडते, सीटचं रेक्झिन तडकतं. टायरच्या बाजूला बारीक भेगा पडतात त्या ऊन आणि हवेतल्या ओझोनमुळे. रंग उडाला तर फोटो वाईट येतो, एवढंच. पण भेगाळलेला टायर पुणे-नगर हायवेवर कंटेनरच्या शेजारी फुटला तर काय होईल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे चंदेरी कव्हर. दोन-तीनशे रुपये टाकले, गाडी गुंडाळली, काम झालं! माझं स्पष्ट मत आहे की असं कव्हर उघड्यावर महिनोन्‌महिने घालून ठेवणं हे कधी कधी काहीच न घालण्यापेक्षा वाईट. गंज चढायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन लागतो. पावसात भिजलेल्या किंवा नुकत्याच धुतलेल्या गाडीवर कव्हर चढवलं की ओल आतच अडकते. दिवसा तिची वाफ होते, रात्री तीच वाफ गार टाकीवर, चेनवर आणि स्पोकवर पाणी होऊन बसते. वाऱ्याने कव्हर फडफडतं तेव्हा त्याखालची धूळ सँडपेपरसारखी रंगावर घासली जाते. शिवाय आत उंदरांना घर मिळतं, आणि वायरिंग कुरतडायला त्यांना कोणाची परवानगी लागत नाही.

आता हे ज्ञान काही जगावेगळं नाही. कॉलेजच्या बाहेर पडून कुठल्याही शेतावर जा आणि कांद्याची चाळ बघा. आपल्या भागातला शेतकरी कांदा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवतो का? ठेवला तर सडेल, हे त्याला कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत आहे. तो काय करतो? वर छप्पर घालतो, बाजूंना फटी ठेवतो आणि तळ जमिनीपासून उचलून घेतो. ऊन नाही, पाऊस नाही, पण वारा मात्र खेळता. आपण थर्मोडायनॅमिक्स आणि हीट ट्रान्सफरचे पेपर देतो, आणि पार्किंगमध्ये मात्र या साध्या चाळीएवढीसुद्धा अक्कल वापरत नाही!

हौसेच्या वाहनाचंच उदाहरण हवं असेल तर शर्यतीचा बैलगाडा घ्या. शर्यतींवर सुप्रीम कोर्टाची बंदी आली मे २०१४ मध्ये, परवानगी मिळाली डिसेंबर २०२१ मध्ये, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम केला. मधली सात वर्षं घाट बंद होते. एवढा काळ जो गाडा उघड्यावर पडला असेल त्याचं लाकूड उन्हाने आकसणार, पावसाने फुगणार आणि शेवटी सांधे सोडणार, हे उघड आहे. छपराखाली टेकवून ठेवलेला गाडा मात्र तेलपाणी करून पुन्हा जुंपता येतो.

हाच नियम मोठ्या गाड्यांनाही लागू आहे. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरचं घर घेऊन फिरायचं, ही कल्पना आम्हा मुलांना तर फारच भारी वाटते. पण हे चाकांवरचं घर वर्षातले बहुतेक दिवस उभंच राहणार. त्याच्या टपावरच्या सांध्यांत रबरी सीलंट असतं. ते उन्हाने कडक होऊन फाटलं की पहिल्याच पावसात पाणी आत, आणि मग प्लायवुड फुगायला वेळ लागत नाही. तिथेही इलाज तोच : वर उंच छप्पर, बाजू मोकळ्या. कव्हर घालायचंच असेल तर हवा आरपार जाणाऱ्या कापडाचं, आणि तेही गाडी कोरडी असताना.

मग आपल्या हॉस्टेलने काय करावं? स्टाफसाठी शेड आहे, याबद्दल कोणाची तक्रार नाही. सर-मॅडमच्या गाड्यांनाही सावली हवीच. पण विद्यार्थ्यांच्या पार्किंगवर आज फक्त आकाश आहे. यातली कितीतरी बाइक वडिलांनी हप्त्यावर घेतलेली, किंवा काकांनी वापरून दिलेली. ती चार वर्षांत भंगार झाली तर नुकसान घरच्यांचं होतं.

खर्चाचं कारण नेहमी पुढे येतं, म्हणून गणित मांडतो. एका बाइकला सुमारे २ चौ. मीटर जागा लागते. १०० बाइकसाठी २०० चौ. मीटर छप्पर. एक किलोवॅट सोलर पॅनेलला साधारण १० चौ. मीटर जागा लागते, म्हणजे याच छपरावर २० किलोवॅट बसतील. रोज प्रति किलोवॅट चार युनिट धरले तर ८० युनिट वीज! जे ऊन आज आपल्या सीट तडकवतंय, तेच मेसचे पंखे फिरवेल. इलेक्ट्रिकल आणि सिव्हिलच्या मुलांना फायनल इयर प्रोजेक्टसाठी याहून चांगला विषय कोणता?

तेवढे पैसे लगेच नसतील तर शेतकरी वापरतात ती शेडनेट लोखंडी पाइपवर ताणता येईल. पाऊस अडणार नाही, पण निम्मं ऊन तरी अडेल. आणि येत्या पावसाळ्यात पार्किंगच्या पश्चिमेला कडुलिंब आणि करंज लावू या. दुपारनंतरचं ऊन तिकडूनच येतं. पक्ष्यांची घाण रंगाला वाईट, म्हणून झाडं अगदी डोक्यावर नकोत, कडेला हवीत.

शेड होईपर्यंत निदान सुट्टीला जाताना एवढं करा. गाडी धुऊन पूर्ण वाळवा, चेनला तेल द्या, टायरमध्ये हवा भरा, मेन स्टँड असेल तर त्यावरच लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. टाकी जवळजवळ भरून ठेवा, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि रिकाम्या टाकीत हवा जास्त. एवढ्या सगळ्याला तासभर पुरतो.

लावलेली झाडं मोठी व्हायला चार-पाच वर्षं लागतील, तोवर आपण डिग्री घेऊन निघून गेलेलो असू. म्हणून काय झालं? सावली ज्युनियर्सना मिळेल. पण छपराचा अर्ज मात्र याच महिन्यात जायला हवा. त्यावर सही करायला कोण कोण तयार आहे, बोला!