रुपये नव्हे, वर्षें मोजा

आपला हिरवा राघू पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. म्हणून हल्लीं कित्येक घरीं पिवळा-केशरी 'सन कॉन्युअर' पोपट दिसतो. हा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील गयाना व उत्तर ब्राझील येथील. तेथें तो थव्यानें राहतो व दूरच्या सोबत्यांस हांक मारितो. म्हणून त्याचा आवाज कर्कश. तो दोष नव्हे, स्वभाव होय. एकटा पडल्यास तो कित्येकदां स्वतःचींच पिसें उपटतो.

त्यास फळें, भाज्या, रात्रीं १० ते १२ तास निवांत झोंप आणि रोज माणसांची संगत हवी. चॉकलेट व ॲव्होकॅडो त्यास विषासमान. न चिकटणारा तवा फार तापला तर त्याच्या वाफेनेंही तो मरतो. शिवाय २०२४ च्या नियमांन्वयें त्याची सरकारदरबारीं नोंदणी करावी लागते.

नीट जोपासल्यास हा पक्षी २० वर्षांहून अधिक जगतो. आठवींतला मुलगा हट्ट धरितो. पुढें शिक्षणासाठीं परगांवीं जातो आणि पक्षी आईच्या गळ्यांत पडतो. म्हणून आमचें पालकांस व विद्यार्थिमित्रांस सांगणें इतकेंच कीं, पक्षी आणण्यापूर्वीं रुपये मोजूं नका, वर्षें मोजा. आणि एवढीं वर्षें त्याचें कोण करणार, हें घरांत आधींच ठरवा.