आधी प्रत, मग लिनक्स

आमचा लॅपटॉप नऊ वर्षांचा. सुरू करून चहा ठेवावा, चहा पिऊन व्हावा, तेव्हा कुठे त्याला जाग यावी. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ आमच्या जुन्या प्रोसेसरवर बसेना. दुकानदार म्हणाला, "थोड्या पैशांत टाकून देतो." म्हणजे चोरीची प्रत. वर्गात मुलांना 'कॉपी करू नका' सांगायचे आणि घरी हे वापरायचे, मनाला पटेना.

तेव्हा भाचा म्हणाला, "मामू, लिनक्स टाकू या. फुकट आहे आणि चोरीचेही नाही." खरेच आहे. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहायला घेतला. आज तो कुणीही वापरावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. परवानगी आधीच दिलेली आहे.

आम्ही 'लिनक्स मिंट'ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असली तर बरे. अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवली, रुफस या प्रोग्रामने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली आणि लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला. यातली मोठी सोय अशी, की काही न पुसता मिंट आधी चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर, सगळे चालले. मग 'इन्स्टॉल'वर बोट ठेवले.

चूक इथे झाली. सी ड्राइव्हमधली शाळेची कागदपत्रे आम्ही दुसरीकडे उतरवली होती. डी ड्राइव्हला हात लावला नाही. आजवर दुकानदार फॉरमॅट करून द्यायचा तेव्हा डी शाबूत राहायचा ना! पण मिंटने विचारले तेव्हा आम्ही पूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला. त्यात सी गेला, डीही गेला.

डीमध्ये मरहूम अम्मींच्या आवाजातली रेकॉर्डिंग होती. शीरखुर्म्याला दूध किती आटवायचे, बिर्याणीला दम कधी द्यायचा, मध्येच "ऐकतोस ना रे?" भाचा रडवेला झाला. त्याला काय बोलणार? चूक आमचीच होती. आपांच्या मोबाइलमध्ये तीन रेकॉर्डिंग सापडली. बाकीची गेली.

आता लॅपटॉप मिनिटभरात सुरू होतो. प्रश्नपत्रिका लिब्रेऑफिसमध्ये करतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी आणि उर्दू जोडले, नस्तालिकसाठी नोटोचा मोफत फॉन्ट घेतला. अडचणही आहे: इनपेज विंडोजसाठी बनलेले, त्यातल्या जुन्या उर्दू फाइली इथे उघडत नाहीत. वर्डच्या फाइली उघडतात, पण तक्ते कधी सरकतात.

तुमच्याही घरी असा लॅपटॉप असेल तर जरूर करून पाहा. पण आधी सी, डी, डेस्कटॉप, सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. ती डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावून चार फाइली उघडून बघा. इनपेजच्या फाइलींची पीडीएफ करून ठेवा. मगच पुसा.

आणि वडीलधाऱ्यांचा आवाज एकाच जागी ठेवू नका. लॅपटॉप पुन्हा चालू होतो. तो आवाज पुन्हा भरता येत नाही.