एकशे एकावा आकडा कुठे बसणार?

गिरगाव असो, दादर असो की परळ, एफवायच्या सी प्रोग्रॅमिंगच्या जर्नलात एक गोष्ट हमखास सारखी सापडेल. ‘किती आकडे?’ असं स्क्रीनवर विचारायचं, उत्तर ‘एन’मध्ये घ्यायचं आणि अ‍ॅरे मात्र आधीच १०० चा बांधून ठेवायचा. १०० च का? ‘सरांनी दिलाय!’ प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल ५ टाकतात, पाच आकडे छान सॉर्ट होतात, मार्क मिळतात. पण कुणी १०१ टाकले तर?

दादरला लोकलमध्ये चढल्यावर तुम्हाला चौथी सीट मिळते, कारण बाकीचे तिघं सरकतात. मेमरीत कुणी सरकत नाही आणि सी तुम्हाला अडवतही नाही. एकशे एकावा आकडा थेट शेजारच्या व्हेरिएबलच्या मांडीवर जाऊन बसू शकतो. कधी प्रोग्रॅम कोसळतो, कधी गुपचूप चुकीचं उत्तर देतो. दुसरं जास्त वाईट, कारण ते कळतच नाही.

मग अ‍ॅरेच ‘एन’ एवढा घेतला तर? टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर ‘कॉन्स्टंट एक्स्प्रेशन रिक्वायर्ड’ अशी एरर येते. घरी जीसीसीवर तेच चालतं, कारण १९९९ च्या सी स्टँडर्डने ही सोय दिली. २०११ मध्ये ती ऐच्छिक झाली. पण अ‍ॅरे ‘एन’ वाचल्यानंतरच डिक्लेअर करा. आधी केलात, तर ‘एन’मध्ये कचरा असतो आणि नंतर अ‍ॅरे वाढत नाही. ‘एन’ भलताच मोठा आला, तर स्टॅक संपून प्रोग्रॅम आडवा! मॅलॉकमध्ये जागा मिळाली नाही तर नल परत येतो, म्हणजे निदान तपासता येतं. काम संपलं की फ्री करायला विसरू नका.

‘पास तर होतोय ना, मग एवढं कशाला?’ असं वाटत असेल, तर २०१४ चं हार्टब्लीड प्रकरण बघा. ओपनएसएसएल हेसुद्धा सीमध्येच लिहिलेलं. समोरच्याने सांगितलेली लांबी त्याने न तपासता खरी मानली आणि सर्व्हरच्या मेमरीतला एका वेळी ६४ केबीपर्यंतचा मजकूर बाहेर जाऊ लागला. आपल्या जर्नलातल्या ‘एन’ची आणि या लांबीची गोष्ट एकच आहे.

मी मास मीडियाची. कुणी आकडा सांगितला म्हणून तो तसाच छापायचा नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मग प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षी हे का नको? एक्स्टर्नलनी ५ सोबत ०, उणे ५ आणि १०१ सुद्धा टाकून बघावेत आणि त्याला मार्क ठेवावेत. वेळ नसतो, सिलॅबस मोठा आहे, हे मान्य. पण इथे लागतं काय? स्कॅनएफने खरंच आकडा वाचला का आणि तो १ ते १०० मध्ये आहे का, एवढं पाहणारा एक इफ.

एक्स्टर्नल विचारतील तेव्हा विचारतील. तुम्ही आजच तुमच्या प्रोग्रॅममध्ये १०१ टाकून बघा.