हिशेब येतो, मग गणित का अडते?

भाजीच्या गाड्यावर आईसोबत उभी असलेली पोर ४० रुपये भावाने दीड किलो कांद्याचे ६० झाले हे तोंडी सांगते, शंभरातून ४० परत देते. तीच वर्गात 'ढ' ठरते. २०२५ साली 'नेचर'मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता, दिल्लीच्या बाजारांत राबणारी मुले व्यवहारातले अवघड हिशेब करतात, पण वहीतल्या साध्या उदाहरणाला थबकतात. बाजारात न राबणाऱ्या शाळकरी मुलांचे नेमके उलट! बुद्धी जातीने मिळते म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. मुलांनी गाड्यावर राबावे असे आम्ही म्हणत नाही. वही आणि बाजार यांत पूल नाही, हे आमचे दुखणे आहे.

आमच्या वस्त्यांतल्या अभ्यासवर्गांतही नुसता पाढ्यांचा घोष चालतो. पाढे हवेतच. पण बारा चिंचोके तिघांत वाटायला द्या, पोराला मांडू द्या, चित्र काढू द्या. उत्तर बरोबर आले तरी 'कसे केलेस?' विचारा. चिन्ह त्यानंतर लिहा. मग '१२ ÷ ३' लिहून त्यावर गोष्ट रचायला सांगा. चुकले तर लगेच रीत सांगू नका, थांबा.

शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २९ कृतीतून, शोधातून शिकवा म्हणते. कलम १७ मानसिक छळाला मनाई करते. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात. बांधवहो, पुढच्या बैठकीला ही दोन्ही कलमे घेऊन जा आणि 'ढ' हा शेरा कोणत्या नियमाने दिला, ते विचारा.