पट्ट्यांमागची फट
विनिपेगच्या भाचीने या आठवड्यात घराचं जुनं साइडिंग, म्हणजे भिंतीवरचं बाहेरचं आवरण, उतरवलं आणि व्हिडिओ कॉलवर मला भिंत दाखवली. खिडकीखालच्या कोपऱ्यात लाकडी तक्ता काळा पडलेला, बोट टेकवलं तर आत जाणारा; वरच्या व्हायनिलच्या पट्ट्या मात्र अगदी ठणठणीत. लोकांना वाटतं, साइडिंग पाणी अडवतं. छे! ते पावसाचा मारा झेलतं. थोडं पाणी मागे जातंच, म्हणून तर पट्ट्यांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. खरी राखण मागच्या हाउसरॅप या पातळ आवरणाची: पाण्याला मज्जाव, वाफेला वाट. पण तो कौलांसारखा, वरचा थर खालच्यावर असाच चढवायचा. उलटा लावला की पाणी थेट लाकडात. शिवाय थंडीत संकट घरातूनच येतं. बाहेर उणे २०, आत कुकरच्या शिट्ट्या. ती दमट हवा स्विचबोर्डाच्या फटीतून भिंतीत शिरते आणि गार तक्त्यावर पाणी होऊन बसते. म्हणून तिकडे बाष्परोधक थर उबदार बाजूला, आतून लावतात. पावसाळी व्हँकुव्हरमध्ये तर गळक्या इमारतींनी कित्येकांची आयुष्यभराची पुंजी खाल्ली. १९९८ साली डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. माझं म्हणणं सरळ आहे: साइडिंगमागे उभ्या पट्ट्या ठोकून निदान १० मिलिमीटरची फट ठेवायलाच हवी, नियम मागो न मागो. पाणी खाली निथळतं, उरलेली ओल हवेने सुकते. भाचीला बजावलंय, बाई गं, रंग सावकाश निवड. आधी कंत्राटदाराकडून खिडकीवरचं फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी पट्टी, नीट बसवून घे.