अठराशेची काडी

गेल्या हिवाळ्यात धरमपेठेतल्या आमच्या अंगणासाठी अंजीर शोधत होतो. एका रोपविक्याने वीतभर काडी दाखवली आणि शांतपणे म्हणाला, "अठराशे."

मला वाटले, सन सांगतोय.

"इटलीची जात आहे साहेब. दुर्मिळ!"

डोंबलाची दुर्मिळ! अहो, अंजीर म्हणजे काडीने वाढणारे झाड. पेन्सिलीएवढी काडी ओल्या मातीत खोचा, मुळे फुटतात. एका छाटणीत ढीगभर काड्या कचऱ्यात जातात. दुर्मिळ आहे ती देणाऱ्याची दानत. बरे, काडीवर जात लिहिलेली नसते. फळ दिसेपर्यंत वर्ष-दोन वर्षे जायची आणि तोवर विकणाऱ्याचा फोन लागेनासा व्हायचा. त्यातून स्मर्ना निघाले तर बघायलाच नको! त्याचे फळ धरायला एक खास चिलटाएवढी माशी लागते. कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांनी १८९९ साली ती बाहेरून आणून वसवली. मी काय गोकुळपेठच्या बाजारात पावशेर माशा मागू?

"पुण्याकडच्या अंजिराला काय धाड भरली आहे?" सौ.ने विचारले.

खरेच होते. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि ते माशीवाचून पिकते. पण 'पुणे' म्हटले की नाव परदेशी वाटत नाही, आणि अठराशेही मागता येत नाहीत!

शेवटी सासवडच्या स्नेह्याने ओल्या फडक्यात गुंडाळून चार काड्या पाठवल्या. तीन जगल्या. परवा शेजारचे भाऊसाहेब कुंपणावरून डोकावले.

"अरे बाप्पा! हे तं दुर्मिळ दिसून राह्यलं!"

म्हटले, "छाटणीला या. कात्री तुमची आणा."