‘अस्सल कपडा शिवलेला नसतो’ : एका कंपनी सरकारी गैरसमजाची दोनशे वर्षे

१/
गणेशोत्सव जवळ आला की चिंचवड, निगडी, आकुर्डी, भोसरी या भागांतील ढोल-ताशा पथकांची छायाचित्रे दिसू लागतात. पथकातील अनेक मुली शिवलेली नऊवारी नेसतात, खरे तर घालतात, आणि लगोलग शेरा येतो : ही नऊवारी नव्हे, हा पायजमा. आजीच्या इरकलीचा घेरदार, जुन्या वळणाचा फ्रॉक घरच्या मशिनीवर शिवणाऱ्या मुलीलाही हेच ऐकावे लागते. तिच्या वाट्याला येणारा शेरा मात्र अधिक विद्वत्तापूर्ण असतो : शिवण ही मुळात आपली नव्हेच, आपला पोशाख न शिवलेला, कात्री परकीयांनी आणली.

२/
पहिला शेरा अभिरुचीचा आहे. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरा मात्र इतिहासाविषयीचा दावा आहे आणि तो चुकीचा आहे. त्याची वंशावळ तपासली, तर स्वतःला परंपरेचे रक्षक म्हणवणाऱ्यांनाच तो उच्चारताना अवघडल्यासारखे व्हावे.

३/
एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने बंगाल-बिहारची पाहणी करणाऱ्या फ्रान्सिस बुकाननने असे मत नोंदवले की, मुसलमानी सत्ता येण्यापूर्वी हिंदूंना सुई ठाऊकच नव्हती. पुरावा काय? तर शिवण्याच्या क्रियेला देशी भाषेत स्वतंत्र शब्दच त्याला सापडला नाही. १८६६ साली जॉन फोर्ब्स वॉटसनने हिंदुस्थानातील कापड व पोशाख यांवरील आपल्या ग्रंथात या मताला पुन्हा स्थान दिले आणि ते साहेबांच्या कपाटात कायमचे जाऊन बसले. बंगालमधील विद्वान राजेंद्रलाल मित्र यांनी १८८१च्या सुमारास वैदिक व संस्कृत वाङ्मयातील दाखले देऊन ते खोडून काढले. खंडन विसरले गेले, मूळ चूक मात्र टिकली. आज ती ‘आपली परंपरा’ या नावाने फिरते.

४/
बुकाननने मराठी मुलखात चौकशी केली असती, तर एखाद्या पोरानेही त्याला उत्तर दिले असते. ‘शिवणे’ हे क्रियापद संस्कृत ‘सीव्’ धातूशी नाते सांगते. ‘सुई’ म्हणजे ‘सूची’. ‘कात्री’ म्हणजे ‘कर्तरी’. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात राका देवतेला उद्देशून जे सूक्त आहे, त्यात तिने न तुटणाऱ्या सुईने आपले काम शिवावे अशी प्रार्थना आहे. ज्या समाजाला सुई ठाऊक नाही, तो देवीकडे न मोडणारी सुई कशाला मागेल? सुई मोडण्याचा वैताग ज्याने सोसला आहे, त्यालाच ही उपमा सुचते.

५/
आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण बाहेरून काहीच आले नाही असे म्हणणे हाही तेवढाच मोठा खोटेपणा ठरेल. शिंप्याच्या दुकानात दहा मिनिटे कान देऊन बसावे. ‘काज’ पोर्तुगीज, ‘फीत’ पोर्तुगीज, ‘इस्त्री’ही त्याच वाटेने आलेली. ‘अस्तर’, ‘बखिया’, ‘उरेब’ फारसी. ‘झंपर’ आणि ‘फ्रॉक’ इंग्रजी. कोणती वस्तू कोणाकडून घेतली याची नोंद भाषेने प्रामाणिकपणे ठेवली आहे : बटण अडकवण्याचे भोक गोव्याकडून, तिरप्या विणीवर कापड कापण्याची युक्ती फारसी बोलणाऱ्यांकडून. खुद्द सुई आणि शिवण मात्र घरची.

६/
चित्रांचा पुरावा हवा असेल तर तोही महाराष्ट्रातच आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या प्रसंगातील नर्तकी पाहावी. तिच्या अंगात लांब बाह्यांचे, अंगाबेताचे शिवलेले वस्त्र आहे. ही चित्रे साधारणतः पाचव्या शतकातील मानली जातात. त्याच भिंतींवर न शिवलेली, कमरेला गुंडाळलेली वस्त्रेही भरपूर आहेत. दोन्ही एकाच राजवाड्यात आहेत आणि चित्रकाराला त्यात काही विसंगत वाटलेले दिसत नाही.

७/
आणि नामदेव महाराज? परंपरा त्यांचा जन्म १२७० सालचा मानते आणि घराणे शिंप्याचे. दिल्लीच्या खलजींची देवगिरीवरील पहिली स्वारी त्यानंतरची, तेराव्या शतकाच्या अखेरची. शिवणकामावर पोट भरणारा, त्या व्यवसायानेच ओळखला जाणारा समाज एका रात्रीत उभा राहत नाही. त्याच्यामागे कापड बेतून घेणाऱ्या गिऱ्हाइकांच्या कित्येक पिढ्या असाव्या लागतात. शिखांच्या ग्रंथसाहिबात समाविष्ट असलेल्या नामदेवांच्या एका पदात मन हा मापाचा गज होतो आणि जीभ ही कात्री. यातील ‘गज’ हा शब्द मात्र फारसी आहे. परकीय शब्दांना हात न लावता परंपरा सांगू पाहणाऱ्यांनी आता या पदाचे काय करायचे, हे त्यांनीच ठरवावे.

८/
सर्वांत ठळक पुरावा मात्र घराघरांत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून आहे. ओटी भरताना नारळाबरोबर जो खण दिला जातो, त्रिकोणी घडी घातलेला, काठाचा, बहुधा गुळेदगुड्डकडच्या मागावर विणलेला, तो काय आहे? ते चोळीपुरते कापड आहे. त्याचा पन्हा, त्याचे काठ, त्याची लांबी हे सारे एका चोळीच्या हिशेबाने विणलेले असते, काठ बाहीवर आणि खालच्या कडेला यावा म्हणून. म्हणजे सौभाग्याचे, मातृत्वाचे, देवीच्या पूजेचे जे सर्वांत जुने दान मराठी घरात चालते, ते कापून शिवण्यासाठीच असते. न शिवलेले तेच अस्सल, असे म्हणणाऱ्या घरातही चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला हा खण हातोहात फिरत असतो.

९/
मग हा समज इतका चिवट का? कारण त्यात सत्याचा एक अंश आहे. सोवळ्यात न शिवलेले वस्त्र लागते हे खरे आहे आणि तो नियम जुना आहे. पण तो पूजेच्या वेळेपुरता आणि ते पाळू शकणाऱ्या घरांपुरता होता. देवघरातला नियम उचलून सबंध समाजाच्या इतिहासावर पसरायचा, आणि त्या समाजातील शिंपी, विणकर, शेतात राबणारी बाई यांनी काय घातले हे विचारायचेच नाही, ही पद्धत जुनीच आहे. देवांनाही ती मानवत नाही. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत काढलेला आणि पुढे मळवलीला हलवलेला छापखाना म्हणजे चिंचवडहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमधले एक स्थानक. तेथून घरोघरी गेलेली लक्ष्मी कमळावर उभी आहे, साडी नेसली आहे, आणि तिच्या अंगात शिवलेली चोळी आहे.

१०/
‘पूर्वीचे लोक जसे नेसत तसेच नेसावे’ या आग्रहाचा जाब विचारायचा असेल, तर महाडला जावे लागते. डिसेंबर १९२७मध्ये तेथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. लुगडे नेसण्याची रीत आणि अंगावरचे जड दागिने यांवरून अस्पृश्य बाई लांबून ओळखू येते, तेव्हा ती रीत सोडा आणि ते दागिने टाका, हा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. लुगडे पोटरी झाकेल असे नेसावे, हेही त्यांनी सांगितले. त्या स्त्रियांसाठी ‘पारंपरिक पेहराव’ हा वारसा नव्हता, ती खूण होती. ती पुसण्यासाठी त्यांनी नेसण्याची पद्धत बदलली. आज कोणी ‘अस्सल नेसणे’ या शब्दांचा उच्चार करतो, तेव्हा कोणाचे नेसणे, आणि कोणाला तसे नेसण्याची मुभा होती, हा प्रश्न टाळता येत नाही.

११/
शिवणयंत्राचा मराठी स्त्रियांच्या आयुष्यातील प्रवेशही याच रांगेतला. १९०९मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले, त्यात शिवणाचे वर्ग होते. विधवा किंवा टाकलेल्या बाईला चार भिंतींत राहून चार पैसे मिळावेत यासाठी तो उपाय होता. यंत्रांविषयी सदैव साशंक असणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका संवादात ‘सिंगर’च्या मशिनीला अपवाद म्हणून मान्यता दिली होती.

१२/
पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगताना मोरया गोसावी येतात, १८९७चे चापेकर बंधू येतात, चाकणचा संग्रामदुर्ग आणि १६६०मध्ये शायिस्ताखानाच्या फौजेपुढे तो झुंजवणारा फिरंगोजी नरसाळा येतो. त्यानंतर एकदम कारखाने : १९५४चे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, मग टेल्को, बजाज, १९६२नंतरचे औद्योगिक विकास महामंडळ, १९८२ची महानगरपालिका. या यादीत माणसे शोधली तर पुरुष सापडतात, तेही पाळीच्या भोंग्याबरोबर ये-जा करणारे.

१३/
त्याच वसाहतींतील घरांत खिडकीशी पायमशीन असे. कोणाच्या आहेरात आलेली, कोणी हप्त्याने घेतलेली. मराठवाड्यातून, खानदेशातून, सातारा-सांगलीकडून नवऱ्यामागे आलेल्या बायकांनी त्या मशिनीवर शेजारणींची पोलकी शिवली, परकर शिवले, साड्यांना फॉल लावले, शाळेचे गणवेश उसवून एक वर्ष आणखी चालतील असे मोठे केले. पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी कापडाची बाजारपेठ उभी केली, म्हणून कापड हाताशी होते. या बायकांच्या कामाची नोंद कुठल्याच हजेरीपटावर नाही. घरात आलेल्या पैशाला बहुधा ‘वरखर्च’ म्हणत. मुलांच्या शिकवणीची फी त्यातूनच जाई, तरी नाव वरखर्चच.

१४/
या जागी आज नात बसते आणि यूट्यूबवर पाहून १९५०च्या दशकातील अमेरिकी वळणाचा फ्रॉक शिवते, तेव्हा ‘हे आपले नव्हे’ म्हणणाऱ्याने निदान मशिनीखालचा पायटा कोणी झिजवला हे तरी बघावे. (चाकणच्या कारखान्यांतही मोटारींच्या आसनांची आवरणे शिवली जातात : सपाट तुकडे बेतायचे, शिवणीसाठी कापड सोडायचे, उलट्या बाजूने टीप मारायची. तेथे याला ‘स्किल’ म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो.)

१५/
जुन्या वळणाच्या कपड्यांच्या हौसेवरही एक आक्षेप रास्त आहे. ‘व्हिंटेज’ म्हटले की डोळ्यांसमोर आवळलेली कंबर आणि प्रचंड घेर येतो. ते क्रिस्तियान दिओरने १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये मांडलेले रूप. युद्धातील कापडटंचाईनंतर वारेमाप कापड वापरण्यातच त्याची मिजास होती. ब्रिटनमध्ये तेव्हा कपड्यांचे रेशनिंग अजून चालूच होते आणि हिंदुस्थानात १९४३च्या हुकमाने कापडावर नियंत्रण आले होते. पॅरिसच्या त्या घेराला ‘आजीच्या काळचा पोशाख’ म्हणणे म्हणजे दुसऱ्याची आजी आपल्या भिंतीवर टांगणे होय.

१६/
पण यावर उपाय मशीन झाकून ठेवणे हा नव्हे. उपाय जुन्या फोटोंच्या पेटीत आहे. १९३०-४०च्या दशकांतील मराठी मुलींच्या छायाचित्रांत फुग्यांच्या बाह्या दिसतात, बंद गळ्याची पोलकी दिसतात, कळ्यांचे परकर दिसतात. प्रभात कंपनी १९३३मध्ये पुण्यात आली, आणि पडद्यावरचा पोशाख पाहून शिंप्याला सांगणे सुरू व्हायला फार वेळ लागला नसावा. फुग्याची बाही विलायतेहून आली होती. ती इथे खणाच्या काठाला जोडली गेली. अशा जोडण्यातूनच पोशाखाचा इतिहास बनतो. पुण्याचा तर नक्कीच.

१७/
आजीचे पोलके मिळाले तर ते उसवू नये. खाकी कागदावर पसरून, शिवणीशिवणीने टाचण्या टोचून त्याचा नमुना उतरवता येतो : मुंढ्याची गोलाई आणि काखेतला त्रिकोणी तुकडा नीट उतरला की निम्मे काम झाले. जुन्या चोळीला आकार येतो तो त्या तुकड्यांच्या जोडणीने. आजच्या ब्लाउजातील टक्स तेथे शोधत बसू नये.

१८/
आणि एका गोष्टीत टीकाकारांचे म्हणणे खरे आहे : जुन्या रेशमी लुगड्याला कात्री लावण्यापूर्वी दहादा विचार करावा. वर्षानुवर्षे एकाच घडीत पडलेले रेशीम घडीवरच विरते, आणि शिवून पहिल्याच वापरात तेथे चिरते. नऊ वार एकदा कापले की पुन्हा नऊ वार होत नाहीत. सराव करायचा तर सुती इरकलीवर करावा, किंवा त्या कपाटातल्या खणांवर. गेल्या वीस हळदीकुंकवांचे ते तसेच घडीत पडले आहेत, आणि त्यांचा पन्हा अजूनही चोळीच्या मापाचाच आहे.